डावा हात खिशात

मला अपराधी वाटायला फार मोठं कारण लागत नाही. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या भिंतीवर माझ्या बोटाचा ठसा उमटला, तरी दोन दिवस तो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बायको म्हणते, "तुम्ही आधी माफी मागता आणि मग बघता काय झालंय ते." त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेला बसायचं ठरवलं, तेव्हा उत्साहाच्या आधी मला लाज वाटली. इतकी वर्षं लोकांच्या घरांत वायरी ओढतोय आणि आता कुठे परीक्षा देतोय, हे कुणाला सांगायचं?

आजवर मला परवाना लागला नाही, कारण तो मामांकडे होता. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. ज्या कंत्राटदारांच्या हाताखाली मी काम शिकलो, ते. काम मी करायचो आणि शेवटी वायरिंग सुरक्षित असल्याच्या टेस्ट रिपोर्टवर सही त्यांची व्हायची. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. पण एक दिवस कोथरूडच्या एका साइटवर चहा पिता पिता ते म्हणाले, "माझे गुडघे गेले. परवान्याचं नूतनीकरण आता करणार नाही. तू स्वतःचा काढ."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जा. तुझ्या निम्म्या वयाचा माणूस तुला शिडी धरायला लावेल. चालणार असेल तर नको काढूस."

चालणार नव्हतं. म्हणून पुस्तक आणलं.

अभ्यास कुठे करायचा हा प्रश्न होता. आमचं वारज्याचं घर दोन खोल्यांचं. मुलीचं कॉलेज, बायकोची दवाखान्यातली नोकरी, त्यांच्या वेळा सांभाळून उरलेल्या कोपऱ्यात मी पुस्तक उघडायचो आणि दुसऱ्या पानावर पेंगायचो. मोठ्याने वाचलं तर मुलगी म्हणायची, "बाबा, प्लीज, मनात वाचा." मनात वाचलेलं माझ्या डोक्यात शिरत नाही. शेवटी बायकोनेच मार्ग काढला. वायरी-स्विचचा माल आणायला मला बुधवार पेठेत जावंच लागतं, तिथून नारायण पेठ जवळ. तिथे माझ्या सासूबाई एकट्या राहतात. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिवण शिकवलं. "आई घोकून घेईल तुमच्याकडून," बायको म्हणाली. "आम्हा भावंडांना विचारा."

पहिल्या दिवशी मी पुस्तक घेऊन गेलो, तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं आणि थेट विचारायला सुरुवात केली.

"विद्युतधारा म्हणजे काय?"

"करंट."

"हे भाषांतर झालं. मी व्याख्या विचारते आहे."

"आई, करंट म्हणजे... बसला की कळतो."

"असं लिहा पेपरात. परीक्षकांनाही कळेल कोणाला शून्य द्यायचं ते."

त्या माझ्याशी नेहमी 'अहो जावईबापू' असंच बोलतात, आणि त्या 'अहो'मध्ये जितका मान असतो तितकीच टोचणीही असते. मी त्यांची दुपारची झोप मोडत होतो, याचं मला फार वाईट वाटायचं. एकदा मी तसं म्हणालो. "आई, माझ्यामुळे तुमची झोप मोडते."

"मोडते ना. म्हणून लवकर पास व्हा."

पण खरं सांगायचं तर त्या दुपारी मला फार आवडायच्या. विजेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी पाठ झालेलं आहे की समजलेलं, हे त्या आवाजावरून ओळखायच्या. अर्थिंगच्या खड्ड्याचा प्रश्न आला. मी सांगत गेलो: खड्डा खणायचा, मधोमध पाइप उभा करायचा, भोवती कोळशाचा थर, त्यावर मिठाचा थर, परत कोळसा, परत मीठ, आणि पाइपातून अधूनमधून पाणी घालत राहायचं, म्हणजे जमीन ओली राहते आणि घरात कुठे विजेची गळती झाली तर करंट माणसातून न जाता जमिनीत उतरतो.

त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "अहो, मग हे लोणचंच की. तेल तेवढं राहिलं."

तो थरांचा क्रम मी त्यानंतर कधी चुकलो नाही.

दुसऱ्या एका दिवशी त्यांनी विचारलं, स्विच वीज आणणाऱ्या फेजच्या वायरवरच का बसवायचा, ती परत नेणाऱ्या न्यूट्रलवर का नाही? दोन्हीकडे दिवा लागतो आणि विझतोच ना? मी हजारो स्विच बसवले असतील, सगळे फेजवर. पण 'का' हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी विचार करून म्हणालो, "न्यूट्रलवर बसवला तर दिवा विझेल, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहील. माणूस बंद आहे समजून हात लावेल."

"म्हणजे बंद दिसतं, पण बंद नसतं."

"हो."

"असं सांगा ना नीट. इतकी वर्षं आमच्या जावयाला बोलता येत नाही असंच वाटत होतं मला."

मी हसलो, पण जिना उतरताना मला खूप बरं वाटत होतं. हातांना जे ठाऊक होतं ते आता तोंडाने सांगता येत होतं. स्कूटरवर सिग्नलला थांबलो की मी हेल्मेटच्या आत वायरींचे रंग पुटपुटायचो: फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा.

एक प्रश्न मात्र मी पहिल्यापासून न अडखळता म्हणायचो. 'दुरुस्तीचं काम सुरू करण्यापूर्वी कोणती खबरदारी घ्याल?' मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावा, टेस्टरने पुरवठा बंद असल्याची खात्री करून घ्यावी आणि मगच कामाला हात लावावा. सासूबाई म्हणायच्या, "हे छान येतं तुम्हाला." आणि पुढच्या प्रश्नावर जायच्या.

छान येत होतं, पण मी तसं करत नव्हतो. हे इथे लिहायलाच हवं. कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये दिवसा मेन बंद करणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. एका खोलीत साहेबांची मीटिंग, दुसरीत मुलाचा ऑनलाइन क्लास, स्वयंपाकघरात फ्रिज. मेनकडे हात गेला की आतून आवाज यायचाच, "अहो, वायफाय जाईल!" मग हळूहळू हात तिकडे जाईनासा झाला. माझ्यासारखे बहुतेक जण चालू लाइनवरच काम उरकतात. मलाही त्यात काही चूक करतोय असं वाटत नव्हतं. जिथे नको तिथे अपराधी वाटून घेणाऱ्या मला, इथे काहीच वाटत नव्हतं.

परीक्षा झाली. लेखी पेपर इतका चांगला गेला की मी पुरवणी मागितली. तोंडी परीक्षेत अर्थिंगचा खड्डा विचारला. मी थरावर थर रचत सांगितला. राहिलं प्रात्यक्षिक. त्याची मला काळजीच नव्हती. एका मोठ्या हॉलमध्ये भिंतीला लाकडी बोर्ड लावले होते आणि प्रत्येकावर मुद्दाम एकेक बिघाड करून ठेवला होता. माझ्या बोर्डावरचा दिवा लागत नव्हता. कारण शोधायचं आणि दुरुस्त करायचं. मी प्लेट उघडली, टेस्टर लावला, टेस्ट लॅम्प लावला. न्यूट्रल सैल होता. स्क्रू आवळला, दिवा लागला. शेजारचे अजून आकृतीच काढत होते.

परीक्षक माझ्या मागे येऊन उभे होते. मऊ आवाजाचे, उतारवयाचे गृहस्थ.

"लवकर सापडलं," ते म्हणाले.

"हो साहेब."

"आपला डावा हात खिशात का आहे?"

मी खाली पाहिलं. खरंच खिशात होता. मामांनी मला पहिल्याच महिन्यात हे शिकवलं होतं: चालू लाइनवर काम करताना एक हात खिशात ठेवायचा. दोन्ही हात बोर्डावर असले तर करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून जाऊन दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. एकच हात असला तर निदान वाचायची आशा.

"सवय आहे साहेब."

"कशाची?"

मला खोटं सुचलं नाही. "चालू लाइनवर काम करायची."

"म्हणजे मेन चालू आहे हे आपल्याला माहीत होतं," ते शांतपणे म्हणाले. "विसरला असतात, तर दोन्ही हात वापरले असते."

ते रागावले नाहीत. कागदावर काहीतरी लिहून पुढच्या बोर्डाकडे गेले. मी दिव्याकडे बघत उभा राहिलो. तो छान लागला होता.

निकाल लागला तो असा: लेखीत पास, तोंडीत पास, प्रात्यक्षिकात नापास. प्रात्यक्षिक पुन्हा द्यायचं. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. नारायण पेठेत जायला मला धीर होत नव्हता. गेलो, तेव्हा सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा विषय सुटला. तुमचा राहिला."

मग मी कारण सांगितलं. खिसा, हात, सगळं. त्यांचा चेहरा बदलला.

"हे रोज करता तुम्ही?"

"रोज."

"तिला माहीत आहे?"

'तिला' म्हणजे माझ्या बायकोला. मी मान हलवून नाही म्हटलं. त्या उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "कामाच्या पँटी किती आहेत?"

"तीन."

"उद्या दोन घेऊन या. तिसरी परवा."

त्यांनी तिन्ही पँटींचे डावे खिसे शिवून टाकले. मशीनवर नाही, हाताने, बारीक दुहेरी टाक्याने. "उजवा राहू दे का?" त्यांनी विचारलं.

"राहू दे आई. किल्ल्या असतात."

"बरं. आणि तिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी डबा देताना म्हणाली, "मेन." एवढंच. त्यानंतर रोज तेवढंच म्हणायची.

सुरुवातीला फार विचित्र वाटायचं. बोर्ड उघडला की डावा हात आपोआप खाली जायचा आणि कापडावर आपटायचा. मग मी थांबायचो, उठायचो, मेनपाशी जायचो. खरी परीक्षा तिथून पुढे असायची. एका घरात मी मेन बंद करू का विचारलं, तर गृहस्थ म्हणाले, "कशाला? मिसेसची मीटिंग चालू आहे. मागच्या वेळी आलेला माणूस काही बंद न करता पाच मिनिटांत करून गेला."

"तो मीच होतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग आता काय झालं?"

"प्रात्यक्षिकात नापास झालो," मी म्हणालो. काय समजले कोण जाणे, पण आत जाऊन म्हणाले, "अगं, दहा मिनिटं थांबायला सांग त्यांना."

सगळे असे भेटले नाहीत. दोन-तीन घरांनी मला बोलावणं बंद केलं. एका बाईंच्या फ्रीजरमधला बर्फ वितळला, त्याची मी माफी मागितली, आणि घरी येताना लक्षात आलं की मनापासून मागितली नव्हती. असं माझ्या बाबतीत क्वचितच होतं. ते मला आवडलं. मग मी वेळ सांगूनच जायला लागलो: अमुक वाजता वीज अर्धा तास बंद राहील. लोक लॅपटॉप आधीच चार्ज करून ठेवू लागले. एका आजोबांनी तर तेवढ्या वेळात माझ्याशेजारी खुर्ची टाकून मला पेपर वाचून दाखवला.

पुन्हा प्रात्यक्षिक दिलं तेव्हा परीक्षक वेगळे होते. मी मेन बंद केला, फ्यूज काढून वरच्या खिशात टाकला, टेस्टर लावून पाहिला आणि दोन्ही हातांनी बोर्ड उघडला. दोन्ही हातांनी काम किती सोपं होतं! एका हाताने वायर धरायची आणि दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा. इतकी वर्षं मी लंगडत काम करत होतो. शेजारचे सगळे माझ्या आधी संपवून गेले. मी पास झालो.

परवाना आल्यावरचं माझ्या नावावरचं पहिलं काम वारज्यातच होतं, एका नव्या जोडप्याचा छोटा फ्लॅट. काम संपलं, टेस्ट रिपोर्ट ओट्यावर ठेवला, पेन काढलं. सहीच्या जागी खाली माझं नाव आधीच छापलेलं होतं. ते वाचून मी पेन परत ठेवलं.

"काका, करा ना सही," तो मुलगा म्हणाला. "मला ऑफिसला निघायचंय."

"एकदा गिझरचं अर्थिंग बघतो."

"मघाशी बघितलंत की."

"मघाशी घाईत बघितलं."

"घाईत? अर्धा तास बघत होता!"

त्याची बायको आतून म्हणाली, "बघू दे रे. अंघोळ आपणच करणार आहोत तिथे."

मी बाथरूममध्ये गेलो, पुन्हा मीटर लावला. आकडा मघाचाच आला. मी बाहेर आलो, हात पुसले आणि सही केली.