भाऊने नवी केलेली गिटार

माझ्या थोरल्या भावाने साठ वर्षं जुनी जपानी गिटार दोन दिवसांत कोरी करकरीत करून दिली, आणि त्यात त्याची काहीही चूक नव्हती. चूक माझी. हे कबूल करायला मला आठ महिने लागले.

मी खामगावात एका कॉलेजात क्लार्क. वय पन्नासला टेकलेलं. या वयात माणसांना बीपीची गोळी लागते. मला जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचा नाद लागला. (घरात कोणाला सांगितलं नाही. मी मुळात सांगतोच कमी.) गिटार कोणत्या सालची, हे ओळखायचं म्हणजे जवळजवळ पोस्टमॉर्टेमच! मागचे स्क्रू काढून गिटारची मान, म्हणजे लांब दांडी, सोडवायची, आत कारखान्यातल्या माणसाने पेन्सिलीने टाकलेली तारीख बघायची, पाठीवरच्या धातूच्या पट्टीचा नंबर ताडून बघायचा. आणि रंग मूळचा हवा. जितका तडकलेला, जितका उडालेला, तितकी गिटार अस्सल.

भाऊची पोरगी अश्विनी ओसाकाला नोकरीत. फोन करकरून तिचे चार रविवार मी जुन्या गिटारींच्या दुकानांत घालवले.

"काका, दुकानदार कमरेत वाकून नमस्कार करून राह्यला, अन् मी त्याले स्क्रू खोलाले सांगू?"

"सांग. आतली तारीख पाहाची हाय."

पाचव्या दुकानात तारीख निघाली! सोमवारी तिने पाठवलेला फोटो बघताना मी ऑफिसात चहाचा कप आवक रजिस्टरवर सांडला.

आता अडचण एकच. परक्याचं वापरलेलं आमच्या घरात आणत नाहीत. वहिनी तर उंबऱ्यावरूनच परत पाठवेल. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, की गिटार नवी आहे आणि अश्विनी ती मला भेट म्हणून आणतेय. अश्विनीला म्हटलं, "तू काई बोलू नको." ती म्हणाली, "नाई बोलत." (पोरगी शब्दाची पक्की. काकावर गेली नाही.)

दसरा झाला आणि ती सुट्टीवर जानेफळला, भाऊच्या घरी आली. गिटार ठेवली, आणि दोन दिवस मामाकडे दुसरबीडला गेली. मी रविवारी पोचलो तर भाऊ दारातच उभा, हातांना लाल रंग.

"ये, ये! तुही वस्तू तयार हाय."

पलंगावर चादर होती. भाऊने ती ओढली. खाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी लालभडक गिटार!

"सारी खरचटेल व्हती बे," भाऊ हळूच म्हणाला. "पोरगी पह्यल्यांदा काकाले काई देऊन राह्यली, अन् तेबी डागी? मले लाज वाटली. मंग पॉलिश पेपरनं घासली, ट्रॉलीचा ऑइलपेंट उरेल व्हता, दोन हात मारले."

"मान... मान खोलली काय?"

"हाव! आत कोनं तरी पेन्सिलीनं गिरबटून ठेवलं व्हतं. तेबी साफ केलं."

मी गिटार उलटी केली. पट्टी चकचकीत, नंबर गायब. आमच्याकडे भेटीच्या भांड्यावर नाव-तारीख घातल्याशिवाय ती भेट धरतच नाहीत. भाऊने पट्टी मेहकरच्या भांडेवाल्याकडे नेली होती. त्यावर कोरलं होतं, 'चि. अश्विनीकडून काकास सप्रेम भेट', आणि खाली तारीख. कालची!

साल ओळखण्यात आता कोणाचीच चूक होणार नव्हती.

"कोनं सांगतलं तुले हात लावाले!" मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा, भाऊवर. वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन तिथेच थबकली.

नेमकी तेव्हाच अश्विनी दुसरबीडहून परतली. भाऊ माझ्यावर चिडलाच नाही, तिच्यावर चिडला. "म्हनलं व्हतं ना, पारखून घेत जाय! डागी वस्तू आणली, काकाले पसंत नाई पडली. नाक कापलं माहं."

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात सुटली असती. शब्द दिला होता म्हणून बोलली नाही. माझ्या तोंडाला तर कुलूपच. पोरगी विमानात बसली तरी भाऊ तिच्याशी धड बोलला नव्हता. गिटार मी तिथेच टाकून आलो.

परवा जाऊन भाऊला सगळं सांगितलं. तो पेरणीचं बियाणं निवडत होता.

"म्हंजे पोरीनं बराबर वस्तू आणली व्हती?"

"हाव."

"अन् आठ महिने माह्या शिव्या खाऊन राह्यली?"

"हाव."

"अन् तू?"

मी खाली बसून बियाण्यातले खडे वेचायला लागलो.

भाऊने अश्विनीला फोन लावला. "बाई, तुही काई चूक नव्हती वं..." एवढंच ऐकू आलं, पुढचं तो भिंतीकडे तोंड करून बोलला आणि दोनदा नाक ओढलं. मग आत गेला, लाल गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि समोर बसला.

"हिच्यापायी माही पोरगी रडवली ना? वाजव आता. ऐकू तर दे."

मग मला भाऊपाशी आणखी एक गोष्ट कबूल करावी लागली. मला गिटार वाजवता येत नाही.