शहीदाचा नातू बसमधून उतरला नाही

माझ्या चुलतभावाच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'शहीद का पोता' असं लिहिलेलं आहे. शनवाऱ्याच्या चौकात उलट्या बाजूने घुसताना त्याचा फार उपयोग होतो. शहीद म्हणजे आमचे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात ते आमच्या निंबोला गावाहून इटलीला लढायला गेले ते गेलेच. तार आली तेव्हा आत्या आजीच्या पोटात होती. "मला देह दाखवा," म्हणत आजीने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही आणि कुणाला त्यांचे दिवसही करू दिले नाहीत.

गेल्या वर्षी या भावाने आमच्याकडच्या बसभर लोकांना घेऊन युरोपची सहल काढली. ऐंशी ओलांडलेल्या आत्याने एकच मागितलं होतं, की बापाचं नाव कोरलंय तिथे जाऊन त्याला पाणी द्यायचं. इटलीत बस त्या लष्करी दफनभूमीपाशी थांबली आणि आमचे शहीदपौत्र सीटला चिकटून बसले.

"मसणात गेलं का अंघोळ करा लागते, आत्या. हॉटेल तो रात को मिलेगा. पूर्ण गाडीले विटाळ होईन."

बसभर माना डोलल्या. आदल्या दिवशी हीच मंडळी कुठल्याशा राजाच्या थडग्याला रेलून फोटो काढत होती, तेव्हा विटाळ बहुधा रजेवर होता. असल्या सोयीच्या सोवळ्याची मला मनापासून किळस येते.

आत्या आणि मी दोघंच उतरलो. आत हिरवळ आणि गुलाब, आणि ज्यांना पुरलं नव्हतं त्या आपल्याकडच्या शिपायांची नावं एका भिंतीवर. आत्याला इंग्रजी येत नाही. मी तिचं बोट धरून आजोबांच्या नावावरून फिरवलं. तिने बाटलीतल्या पाण्याने तीन ओंजळी सोडल्या, भिंतीला डोकं टेकलं. रडलो तो मी.

परत आलो तर भाऊ बसच्या दारात आडवा.

"अंघोळीबिगर कसं बसवू? लोकं नाराज होतीन ना."

आत्याने उरलेलं पाणी तिथेच स्वतःच्या डोक्यावर ओतलं. वारा बोचरा होता. लुगडं अंगाला चिकटलं, ती कुडकुडायला लागली. तरी हा म्हणतोच, "आता सीट गीली होईन."

"मी पोटात होती तवापासूनचं सुतक हाय हे," आत्या म्हणाली. "माहं आज फिटलं. तुहं राहिलं. सरक."