घाटावर कबूल केलेला लॅपटॉप

बायकोच्या दहाव्याला कावळा शिवेना. घोड नदीच्या काठावर पिंड मांडून ठेवला होता, वर तिला आवडायची ती शेंगदाण्याची चटणी. पलीकडं मांडवात माइकवर श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिला कधी बघितलेलं नव्हतं. एकजण तर तिला "मातोश्री" म्हणत म्हणत कारखान्याच्या निवडणुकीवर जाऊन पोचला. कावळे लिंबावर बसून ऐकत होते, खाली उतरत नव्हते.

अशा वेळी आमच्याकडं एकेक जण पुढं होऊन हात जोडतो आणि मेलेल्याला कबूल करतो, की तुझं राहिलेलं आम्ही करू. माझी थोरली बहीण, आक्का, पहिली पुढं झाली. म्हणाली, "पोरीचं लग्न वर्षाच्या आत लावून देतो गं, काळजी करू नगंस." कावळा हलला नाही. भावकीतल्या एकानं सांगितलं, दावणीच्या गाया विकणार नाही. कुणी म्हणालं, भावाला संभाळू. भाऊ म्हणजे मी. तरी काही नाही. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू का?

माझी पोर एका बाजूला उभी होती. लग्नानंतर फार उशिरा झालेली, एकुलती एक, दौंडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. आईच्या आजारपणात ती खाटेशेजारी बसून कॉलेजचं सगळं फोनवर अंगठ्यानं लिहायची. आई पडल्या पडल्या कुरकुरायची, "डोळं जात्याल हिचं त्या एवढ्याशा काचंत." ते मला आठवलं. मी पुढं झालो आणि म्हणालो, "पोरीला लॅपटॉप घेऊन देतो. तिचं शिक्षण तोडत न्हाई. जा आता." माइक तिथंच कुठंतरी चालू राहिला होता. सगळ्या घाटावर ऐकू गेलं.

कावळा उतरला. चोच मारली. लोकांनी हात जोडले आणि चपला शोधायला लागले.

कावळा भुकेनं आला का बायकोनं धाडला, मला माहीत नाही. पण चारचौघांत कबूल केलं ते केलं.

अडचण अशी होती, की आक्काचंही खोटं नव्हतं. घरात आई का बाप गेला की पोराबाळांचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमची रीत. आक्कानं पारगावकडचं स्थळ आधीच बघून ठेवलं होतं. मुलगा कंपनीत, घरी बागायत. ती म्हणायची, "तीन वर्सांनी कोण इचारणार हाय हिला? आन् शिकून काय करायचं? भाकरीच थापायच्या ना?" भाकरी तर पोर आत्ताच थापत होती. आई गेल्यापासून पहाटेची धार, स्वयंपाक, मग कॉलेजची एसटी, परत संध्याकाळची धार. पोर वाळत चालली होती. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर कॉलेज आपोआपच सुटलं असतं. लग्नाला मग कोण नाही म्हणणार होतं?

म्हणून लॅपटॉप लवकर घ्यायचा होता. आणि त्याबाबतीत मला वाटत होतं, की मला कळतं.

मी शाळा फारशी शिकलो नाही. पण शिरूर तालुक्यातल्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत उमर घालवली. गेटवर आमचं काम काय, तर आत जाणारा आणि बाहेर येणारा लॅपटॉप उलटा करायचा, खालचा नंबर पासवरच्या नंबराशी ताडून बघायचा आणि सोडायचा. लॅपटॉप मी पोटाकडून ओळखतो. वरून कसा दिसतो ते फार थोड्या वेळा बघितलं.

पहिला बघितला तो एका परदेशी साहेबाचा. कंपनीच्या शेडला अजून पत्रे चढत होते. चामड्याच्या पेटीतून त्यानं ती काळी वस्तू काढली, पाट्याएवढी जाड. बटणांच्या मधोमध एक लाल टिकली. मला वाटलं तिच्यानं चालू होत असंल. ती बोटानं ढकलली की पडद्यावरचा बाण सरकायचा. पडदा असा, की समोरून बघितलं तरच दिसणार, बाजूनं बघितलं तर नुसतं धुकं. साहेबानं आमच्या केबिनीतला प्लग मागितला आणि पंख्याची वायर काढून आम्ही तो त्याला दिला. त्या उन्हाळ्यात आमचा पंखा बऱ्याचदा असाच निघायचा.

मग आपले साहेब लोक आले, त्यांच्या खांद्यावर एका बाजूला लोंबणाऱ्या काळ्या बॅगा आल्या. ज्याच्याकडं बॅग तो मोठा. बॅगेच्या वजनानं चालताना माणूस कलायचा, तरी शिपायाच्या हातात देत नव्हते. आधी त्यात फ्लॉपीची फट होती, मग ती जाऊन सीडीचा खण आला, मग खणही गेला. पुढं पुढं कालची पोरं पाठीवर सॅक अडकवून यायला लागली, त्यातही लॅपटॉप. मग साहेबांचे पातळ झाले आणि जाड होते ते खाली कारकुनांकडं आले. शेवटी शेवटी तर बगलेत वर्तमानपत्र धरावं तसं धरून यायचे. लॉकडाउनमध्ये सगळे लॅपटॉप एका आठवड्यात गेटबाहेर गेले. साहेब घरी, लॅपटॉप घरी, आम्ही गेटवर.

एवढं सगळं डोळ्यांसमोरून गेलेलं. म्हणून दौंडला गेलो तेव्हा पोरीला म्हणालो, "तू गप बस. मी बघतो."

दुकान जिन्यावर होतं. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप तिथं ओळीनं मांडलेले. दुकानदार पोरगेलासा, तोंडात मावा.

"या मामा. सगळा कंपनीचा माल. एकदम टकाटक."

मी पहिला उचलला आणि उलटा केला. दुसरा उलटा केला. दुकानदार हसला. "मामा, वांगी घेताय का?"

पोर हळूच म्हणाली, "आबा, उघडून तरी बघू द्या की."

"थांब."

चौथा का पाचवा उलटा केला आणि मी थांबलोच. पोटावर नंबराची पिवळी पट्टी होती आणि तिचा वरचा कोपरा कात्रीनं तिरका कापलेला. ही आमच्या गेटची खूण. कुणी बाहेरून खोटी पट्टी करून चिकटवली तर ओळखू यावी म्हणून आम्हीच काढलेली युक्ती. दुसरं कुणी करत नव्हतं. म्हणजे हा लॅपटॉप माझ्याच हाताखालून गेलेला. वजनाला दणकट. ओळखीच्या घरातलं जनावर दावणीला आलं की माणूस त्याचे दात बघत नाही, तसं झालं माझं.

"हाच."

"आबा, बॅटरी इचारा. रॅम किती ते इचारा. माझं सॉफ्टवेअर ह्याच्यावर चाललं पायजे."

"ह्याचं घराणं मला माहीत हाय."

दुकानदार म्हणाला, "मामांना माल कळतो, ताई." पोर पुढं बोलली नाही. तिच्या आईचीही हीच सवय होती. पटलं नाही की गप्प व्हायची.

घरी आणला. चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचा, की तेवढ्यात एका गाईची धार निघायची. पोर खरंच तो चालू करून गोठ्यात जायची आणि हात धुऊन येईस्तोवर तो उठलेला असायचा. बॅटरी नावाला होती. वायर निघाली की मशीन डोळे मिटणार. आमच्या गावात वीज कधी जाईल ते वायरमनला तरी माहीत असतं का, देव जाणे.

पुण्याच्या एका कंपनीची तिला मुलाखत होती, लॅपटॉपवरच. तिथं निवड झाली असती तर शेवटच्या सहामाहीचं कॉलेजचं काम त्यांच्याकडंच होणार होतं, पुढं नोकरीचंही बघणार होते. तिनं आईची निळी साडी भिंतीला लावली, म्हणजे मागचे पोपडे दिसणार नाहीत. मी दारात बसलो, कोंबड्या हाकत. आक्काही आली होती, पारगावच्यांना रविवारी बोलवायचं ठरवायला. आत पोर इंग्रजीत बोलत होती. काय ते मला कळत नव्हतं, पण आवाज नीट होता, घाबरलेला नव्हता. आणि वीज गेली.

आवाज मधेच तुटला. ती उठून बाहेर आली, फोनला रेंज शोधत अंगणभर फिरली, गोठ्याच्या भिंतीवर चढली. लागला नाही. खाली उतरली.

आक्का म्हणाली, "बघ. तिची आईच न्हाई म्हंती."

मी म्हणालो, "आक्का, मेल्याली माणसं वीज घालवीत न्हाईत. मशीन भंगार हाय. मी घेतलंया."

"मग रविवारी येऊ दे का त्यांना?"

मी काही बोलायच्या आत पोर बोलली. चुलीकडं तोंड करून, परातीत पीठ घेत. "येऊ द्या, आबा. लई झालं हे." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पाणी घातलं आणि पीठ मळायला लागली. मला ती पाठमोरी थेट बायकोच दिसली. बायकोनं आयुष्यभर असंच पीठ मळलं, काही न मागता, आणि मेली.

दुसऱ्या दिवशी मी गाय विकली. दावणीला दोन होत्या, त्यातली दुधाची. भावकीतल्यानं घाटावर कबूल केलं होतं, मी नव्हतं केलं. ती गाय बायकोच्या हाताची होती, टेंपोत चढेना. चार जणांनी रेटून चढवली. गाय गेली तशी सकाळची धार गेली, संध्याकाळचीही गेली, हेही माझ्या डोक्यात होतं. मग आक्काला फोन लावून सांगितलं, रविवारी कुणाला आणू नको. तिनं मला खूप बोलून घेतलं. भावाचं डोकं फिरलंय, पोरीला म्हातारी करून घरात ठेवणार, असं काय काय. मी फोन खाली ठेवून दिला, ती बोलत राहिली.

पोरीला घेऊन शिरूरला गेलो. दुकानाच्या दारात म्हणालो, "जा. तुला पायजे तो बघ. मी हितं पायरीवर बसतो."

"आबा, तुम्ही या की."

"मला खालची बाजूच कळती. जा."

खूप वेळ लागला. काचेतून दिसत होती. एकेक उघडून बटणं दाबून बघत होती, दुकानदाराला काहीतरी विचारत होती, त्यानं सांगितलेलं फोनवर तपासत होती. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला तरी ती हलली नाही. एवढी चिवट पोर मी घरात कधी बघितली नव्हती.

येताना एसटीत तिनं मला समजावलं. आधी आपलं काम काय ते ठरवायचं, मग मशीन बघायचं. वीज जाणाऱ्या गावात बॅटरी पहिली. मग आत सगळं साठवायची जागा नव्या जातीची आहे का, म्हणजे लवकर उठतो. मेमरी पुढं वाढवता येती का. बिघडला तर दुरुस्ती शिरूरात होती का, का पुण्याला पळायचं. वजन शेवटी. "आन् घराणं?" मी विचारलं. ती हसली. आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसलेली मी बघितली. मग खिडकीकडं तोंड करून बसली.

कंपनीनं पुन्हा मुलाखत घेतली. निवड झाली. ती पुण्याला गेली, चौघी पोरी मिळून खोली घेऊन राहतात. जाताना डब्यांवर चिठ्ठ्या लावून गेली, हळद कुठली, धने कुठले. घर रिकामं झालं. भाजी मी करतो, कशी तरी. दोन बायकांचं घर होतं. एक मेली, एक मी धाडली. दिवसभर तोंड उघडायला कारण नसतं. कधी कधी वाटतं, पारगावला दिली असती तर निदान सणाला आली असती. आता सणालाही काम असतं तिला.

वर्षश्राद्ध झाल्यावर आक्काचा राग जरा उतरला. पारगावच्या त्याच मुलाचं लग्न होतं, तिनं मला जबरदस्तीनं नेलं. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो. अक्षता झाल्या. नवरा-नवरी पाया पडत फिरत होते, तसे माझ्याकडं आले. नवरी वाकून उठली आणि माझ्याकडं बघत राहिली. माझ्या पोरीच्याच वर्गातली होती. एकदा आमच्या घरी येऊन जेवून गेलेली. कॉलेज मधेच सोडलं म्हणे, घरच्यांनी ठरवलं.

"काका, ती पुण्यातच हाय ना?"

"हाय."

"कुठला लॅपटॉप घेतला हो तिनं?"

मला नाव कुठं येतंय. म्हणालो, "पातळ हाय. करड्या रंगाचा."

"बॅटरी टिकती का?"

"टिकती म्हंती."

ती आणखी काहीतरी विचारणार होती. तेवढ्यात फोटोवाल्यानं हाक मारली, सासूनं तिचा शालू सारखा केला आणि तिला स्टेजवर नेलं. मी पंगतीला बसलो. पान तसंच सारून उठलो आणि मिळाली त्या जीपनं घरी आलो.