बिनधातूची भुकटी

प्रयोगशाळेत तिला सगळे काजळी म्हणायचे. कार्बनची काळी भुकटी तिच्या नखांत, कानामागे, डब्याच्या झाकणावरसुद्धा सापडायची.

तिचे बाबा तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवायच्या कारखान्यात होते. हायड्रोजन तेलात मुरावा म्हणून तिथे निकेलची भुकटी वापरत, आणि पोती रिकामी करायचं काम बाबांकडे. ती धूळ छातीत बसली होती; आता जिना चढताना ते अर्ध्यातच बसत. निकेलचं काम साध्या कार्बनकडून करून घ्यायचं, हे तिनं मनावरच घेतलं होतं.

आणि जमलं! लाकडाच्या भुशाचा कोळसा केला, त्यात नायट्रोजन मिसळला, आम्लात धुतला, आणि तेल घट्ट झालं. तिच्या मार्गदर्शक सरांनी शोधनिबंध एका नियतकालिकाकडे पाठवला, तो स्वीकारलाही गेला. बाबांनी शेजाऱ्यांना अडवून अडवून सांगितलं.

छापायच्या आधी एकदा खात्री म्हणून तिनं मिश्रणात गंधकाचं एक रसायन घातलं. ते धातूला निकामी करतं. नुसता कार्बन असता तर फारसा फरक पडला नसता. पण अभिक्रिया जागच्या जागी थांबली. तपासणीत निकेलच निघालं. धुवायचं भांडं स्टीलचं होतं, आम्लानं त्यातलंच निकेल भुकटीत उतरवलं होतं.

"एवढंसं तर आहे! कोण बघायला येतंय?" सर म्हणाले.

"सर, मी बघितलंय ना."

"मग तुझं तू निस्तर."

तिनं काचेच्या भांड्यात सगळं पुन्हा केलं. तेल पातळच राहिलं. तापमान बदललं, भुसा बदलला, पुन्हा पुन्हा करत राहिली. तेल पातळच. शेवटी तिनं सरांना शोधनिबंध मागे घ्यायला लावला. सरांनी तिचं टेबल दुसऱ्याला दिलं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मेलं ते निकेल माझ्या मागोमाग तुझ्यापर्यंत आलं म्हण!" हसायला गेले आणि खोकून खोकून वाकले. ती पाठ चोळत राहिली.

"दुसरं काही सुचतंय का गं?"

"नाही हो बाबा. काहीच सुचत नाही." आणि ती ओक्साबोक्शी रडली.

बाबा त्याच हिवाळ्यात गेले. काजळी आता दुसऱ्या गावी पाणी तपासायच्या खात्यात आहे. तिच्या जुन्या टेबलावर कुणीतरी काचेच्या भांड्यात पुन्हा सुरुवात केलीय, असं तिच्या कानावर आलं. जमलं का, हे तिनं विचारलं नाही.