कंट्रोल, स्पेस आणि गणपतीची पाळी

आजही कुणी माझ्या खांद्यावरून वाकून कीबोर्डकडे हात नेला की माझं डोकं फिरतं.

काशीमीऱ्याच्या एका गोदामात मी कामगारांच्या सुट्ट्यांची यादी ठेवायचे. नाव, गाव, तारखा. यादी निवडायची तर पहिल्या नावावर माऊस दाबून शेवटच्या तारखेपर्यंत ओढत न्यायचे. वेळ लागायचा, पण ज्याचं नाव त्याचीच तारीख राहायची. नवा मॅनेजर हसायचा. "ताई, काय पोछा मारताय स्क्रीनवर? शॉर्टकट शिका जरा." सगळं ऑफिस हसायचं, आणि मीही मूर्खासारखी हसायचे.

गणपतीच्या आधी यादी नावांच्या क्रमाने हवी होती. माझा माऊस खाली पोचेपर्यंत मॅनेजरला धीर निघेना. कंट्रोल आणि स्पेस दाबून त्याने अख्खा रकाना निवडला, फक्त नावांचा, आणि सॉर्ट मारलं. शेजारचे रकानेही घ्यायचे का, असं स्क्रीनने विचारलं. न वाचताच त्याने नाही दाबलं. नावं वर-खाली झाली, तारखा जागच्या जागी. मला दिसलं. पुन्हा हसतील म्हणून मी गप्प बसले. यादी तशीच हेड ऑफिसला गेली.

दुसऱ्या दिवशी बोंबाबोंब. बाकीच्यांनी आपसात तारखा बदलून घेतल्या. राहिला रत्नागिरीकडचा आमचा जुना पॅकर. त्याच्या वाट्याला विसर्जनानंतरचे दिवस आले होते, ते कोण घेणार?

"मॅडम, चार भावांत यंदा गणपतीची पाळी माझी आहे. मूर्ती सांगून ठेवलीय. पूजेला कोण बसणार?"

मॅनेजर म्हणाला, "लिस्ट वर गेली, आता काही होणार नाही. आणि यादी ताईच बनवतात." मी सॉर्टच्या आधीच्या बरोबर यादीची प्रिंट त्याच्या टेबलावर आपटली आणि सगळ्यांसमोर त्याला नको नको ते बोलले. त्याने त्या प्रिंटवर चहाचा कप ठेवला. निर्लज्ज माणूस!

पॅकर सुट्टीशिवाय गावी गेलाच. परतल्यावर प्रसाद द्यायला आला, तो गेटपर्यंतच. त्याला कामावरून काढलंय, आत सोडायचं नाही, असं वॉचमनला सांगून ठेवलं होतं. मी बाहेर गेले. जाळीतून पुडी देत तो म्हणाला, "तुम्ही एकट्याच माझ्यासाठी बोललात, मॅडम."

यादी बिघडली त्या दिवशी, एक बटण दाबून सगळं मागे घेता येत होतं तेव्हा, मी तोंड मिटून बसले होते. हे मी त्याला सांगितलं नाही.