अमावस्येला विणलेलं चार बोटं कापड

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठून जाते. अमावस्या मानते ती एवढ्याचसाठी, की आम्हा विणकरांचा माग त्या दिवशी बंद असतो... हक्काची सुट्टी! पण ज्या अमावस्येला मी सिनेमासाठी पहिलं गाणं गायले, त्या दिवसाचं कोडं मला या वयातही सुटलेलं नाही. जसं घडलं तसं सांगते.

बेळगावला लागून शहापूर, तिथं आमचं घर. स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट, मी सतरा वर्षांची. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, त्यावर अण्णा – माझे वडील – लुगडी विणायचे. मी शेजारी बसून कांड्यांवर सूत भरायची आणि गायची. तबला-बिबला कुठला! मागाचा ठोका हाच माझा ताल. अण्णांच्या पायाखालची एक पट्टी सैल होती, त्यामुळे माग खट्-खट् करून मध्येच 'कुंई' करायचा. त्या कुंईवर मी श्वास घ्यायची.

गणेशोत्सवात माझं गाणं ऐकून कोल्हापूरच्या एका सिनेमावाल्या मास्तरांनी बोलावणं धाडलं. त्यांच्या नायिकेला गाता येत नव्हतं, पडद्यामागून गाणारा गळा हवा होता. आईनं कपाळाला हात लावला. सदलग्याचं स्थळ आलेलं, मंडळी होकाराची वाट बघत होती.

"एकडाव नेतो," अण्णा म्हणाले. "न्हाय जमलं, तर सदलग्याला व्हय म्हणून कळवूया."

आणि दिवस कुठला ठरवला? अमावस्या! माग बंद, म्हणजे अण्णांना सवड. मास्तर हसून म्हणाले, "शुभारंभाला अमावस्या धरणारे तुम्हीच पहिले!"

आदल्या दिवशी मोटारीनं निपाणीवरून कोल्हापूर गाठलं. सकाळी अकराच्या सुमारास माइकसमोर उभी राहिले आणि... माझी लय पळायला लागली. पुढं मी, मागून तबला. श्वास भलतीकडेच तुटायचा. तीन टेक वाया गेले. लढाईमुळं गाणं नोंदवायची फिल्म मिळणं मुश्किल, मास्तरांच्या कपाळावर आठ्या. "हा शेवटचा," ते म्हणाले. माझ्या जागी गायला दुसरी मुलगी बाहेर येऊन बसलेलीच होती. काचेपलीकडं बाकावर अण्णा डोळे मिटून बसले होते. मला रडू फुटायच्या बेतात होतं. डोळ्यांपुढं सदलगा दिसत होता.

चौथा टेक सुरू झाला आणि पाठीमागून ऐकू आलं – खट्-खट्... कुंई. आमचा माग! लहानपणापासूनचा तो आवाज, मी चुकेन होय? कुंई झाली, मी श्वास घेतला आणि गायले. कशी गायले म्हणता? अहो, घरी गायची तशी! गाणं संपलं तेव्हा तबलजीच आधी "वा!" म्हणाला. मास्तरांनी दुसऱ्या मुलीला घरी पाठवलं आणि आणखी दोन गाणी माझ्या पदरात टाकली.

रेकॉर्डिस्टला मी विचारलं, "मागं कसला ठोका येत होता?"

"ठोका? आवाज एकदम स्वच्छ आहे, बाई," तो म्हणाला.

बाहेर अण्णा उठताना कण्हले. "पाय लई भरून आल्यात गं. नुसता बसलोतो, तरी बी."

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो, तर आई दारातच अण्णांवर उखडली. "काल कवा आलतासा आन् कवा गेलासा? अमावस्येला माग चालवायचा म्हंजी काय!"

"मी? मी कोल्हापुरात न्हवं का!"

"अकराच्या सुमाराला माग ऐकला मी. तुमी आलासा म्हणून च्या टाकला. भाईर येऊन बघतीया तर मागावर कोण न्हाय!" शेजारच्या आक्कानंही ऐकला होता म्हणे.

अण्णा तडक मागाशी गेले. अमावस्येसाठी माग थांबवताना ते कापडाच्या काठाला तिथंच एक लाल दोरा बांधून ठेवायचे. त्या दोऱ्याच्या पुढं चार बोटं नवं कापड विणलेलं होतं. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला. डावा काठ किंचित आत ओढलेला... ती अण्णांची जन्माची खोड. "हात माजाच हाय," एवढंच म्हणाले.

सिनेमा लागला आणि गाणं असं गाजलं म्हणता! तबकडीवर माझं नाव नव्हतं, तेव्हा पडद्यावरच्या पात्राचंच नाव छापायचे. पण खडेबाजारातल्या हॉटेलात ती तबकडी लागली की अण्णा रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी मराठीत, मग कानडीत सांगायचे, "ही आमची चिमी गात्या!" त्यापुढं छापील नावाची काय मातब्बरी! पुढं मी कितीतरी सिनेमांसाठी गायले. सदलग्याच्या मंडळींनीही तबकडी विकत घेतली, असं कानावर आलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

तो ठोका मात्र पुन्हा कधी आला नाही. लयही पुन्हा पळाली नाही. ते लुगडं अण्णांनी विकलं नाही, आजही माझ्या कपाटात आहे. लाल दोरा तसाच. जाणत्या माणसांना दाखवून झालं, कुणालाच काही सांगता आलं नाही.

शेवटी शेवटी अण्णांना फारसं दिसत नसे. ते लुगडं मांडीवर घेऊन काठ चाचपायचे, आणि दोरा हाताला लागला की विचारायचे, "चिमे, तवा हे इनलं कोण गं?"

मी म्हणायची, "तुमीच की, अण्णा."