जायला एक तोंड

अंगणात कुशीवर आडवं व्हायचं, जमिनीला कान लावायचा आणि एक बोट वर करायचं. बोट वर असेपर्यंत आम्ही कुणी बोलायचं नाही. मग ड्रायव्हरमामा उठून बसत, कानाची माती झटकत आणि म्हणत, "हाय. आतच हाय."

आत असायची घूस. तुमच्या घराला अंगण असेल तर मांजराएवढ्या या उंदराची ओळख तुम्हाला वेगळी करून द्यायला नको. उमरग्याच्या आमच्या गल्लीत तिनं कुणाची न्हाणी पोखरली, कुणाची तुळस आडवी केली. घूस निघाली की ड्रायव्हरमामांना हाक जायची. जन्मभर हायवेवर ट्रक चालवलेला माणूस. बायको गेलेली. गल्लीच्या टोकाला एका खोलीत भाड्यानं एकटेच राहत.

त्यांची रीत ठरलेली. बिळाची सगळी तोंडं शोधायची आणि दोन सोडून बाकीची दगडमातीनं बुजवायची. फुटक्या मडक्यात गोवरी पेटवून वर सुक्या मिरच्या टाकायच्या. एका तोंडातून पुठ्ठ्यानं धूर आत लोटायचा, म्हणजे नाल्याकडच्या दुसऱ्या तोंडातून घूस पळते. पळताना तिच्यावर काठी मात्र कुणाला उगारू देत नसत.

"जायला एक तोंड ठिवावं, गुरुजी," ते मला म्हणत. "माझ्या चाकाखाली लई जनावरं गेली. आता बास."

व्हायचं तेच झालं. आमच्याकडून पळालेली घूस शेजारी निघे, तिथून पुढच्या घरी, आणि गल्ली फिरून पुन्हा आमच्या न्हाणीखाली हजर. मामाही मडकं घेऊन तिच्यामागं घरोघर. "तीच हाय. कान फाटका बगा तिचा," असं वर कौतुकानं सांगत. माझी बायको कपाळाला हात लावायची. "भाऊ, तुम्ही तिला हाकलता का फिरायला नेता?"

शेवटच्या खेपेला धुरानं त्यांना असा ठसका लागला, की ते आमच्या पायरीवर बसूनच राहिले. "दमलो बगा," म्हणाले. मग नाल्याकडं बघत, "ती बी दमली आसंल."

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. घरमालकाला खोली पाडून दुकानं काढायची होती. महिनाअखेर जागा सोडा, असं त्यानं सांगितलं होतं.

"पावसाळ्यापुरतं ऱ्हाऊ द्या म्हणावं. तुमच्या हाताखाली शिकलाय त्यो. तुमचं ऐकंल."

"बोलतो," मी म्हटलं.

बोललो नाही. भीड पडली होती असंही नाही. एक दिवस गुडघा दुखत होता, एक दिवस पाहुणे होते, एक दिवस ऊन फार होतं. मालकाचं घर आमच्यापासून चौथं. मला याची अजून लाज वाटते.

महिना संपला तेव्हा ते एक पिशवी आणि ते मडकं घेऊन दारात आले. भूम गावी पुतणीकडं निघाले होते. मडकं आमच्या न्हाणीजवळ पालथं घातलं. मला काहीतरी बोलणं भाग होतं.

"मामा, मी जाणारच होतो त्याच्याकडं..."

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," ते म्हणाले. "दमला आसाल."

टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

पुढं त्यांची काही खबर आली नाही. खोलीच्या जागी आता शटरं लागली आहेत. परवा न्हाणीजवळ ताजी माती दिसली, तशी बायको म्हणाली, "गवंड्याला बोलवा, सगळ्या तोंडांत सिमेंट ओतू."

मी अंगणात कुशीवर आडवा झालो, जमिनीला कान लावला. बराच वेळ तसाच होतो. आत कुणी आहे की नाही, मला काही कळलं नाही. उठायला गेलो तर गुडघा उचलेना, तेव्हा बायकोनं हात दिला.

"बोलव गवंड्याला," मी म्हटलं. "पण नाल्याकडचं एक तेवढं सोडायला सांग."